डोळ्यानं धरलेला कोन

९ जानेवारी

दादा,

फोनवर तू सगळ्याला "बघू, बघू" म्हणतोस आणि मग फोन वहिनीच्या हातात देऊन मोकळा होतोस, म्हणून लिहितेय. पत्राला "बघू" म्हणायचं तर तुला निदान पेन उचलावं लागेल.

काम आहे. एका मासिकाला मथळ्यांसाठी स्वतःचा फॉन्ट हवा आहे. रोमन लिपीचा, इटालिक म्हणजे उजवीकडे झुकलेला, अक्षरांच्या टोकांना सेरिफचे छोटे पाय असलेला, आणि जाड रेघ नि बारीक रेघ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असलेला. उभी रेघ अंगठ्याएवढी जाड, तर तिला जोडणारी रेघ केसाएवढी. ही अक्षरं फक्त मोठ्या आकारात वापरायची असतात. लहान केली की केस गळतात आणि नुसते खांब उरतात, हे मी त्यांना दर बैठकीत सांगते आणि दर बैठकीत ते पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या माना डोलावतात. त्यांच्या कला-संपादक बाईंना तेवढं कळतं. त्या बोलतात कमी आणि जांभया जास्त देतात.

मी पडद्यावर ठिपके सरकवण्यात तरबेज आहे, पण असल्या अक्षराला हात लागतो. माझी अक्षरं इस्त्रीच्या कपड्यांसारखी होतात, कुठे सुरकुती म्हणून नाही. तू आयुष्यभर पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर शीर्षकं रंगवलीस. मूळ अक्षरं तू कागदावर काढ. ती पडद्यावर नेणं, कोणत्या अक्षराशेजारी कोणतं आलं तर मध्ये किती जागा सोडायची ते ठरवत बसणं, ही सगळी हमाली मी करीन.

खरं सांगायचं तर मी फार दमले आहे. घरी आले की डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडते, आणि मिटल्या डोळ्यांपुढूनही अक्षरं सरकत राहतात. कंपनीत आमचा विभाग गुंडाळायच्या गोष्टी चालल्या आहेत. हे काम जमलं तर विभाग राहील. नाही जमलं तर या वयात नवीन जागा शोधत फिरायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. तेव्हा नाही म्हणू नकोस.

बारकी


२ मार्च

बारके,

काढतो असं कळवणारं पत्र लिहायला बसलो होतो, ते लिहून होईपर्यंत एबीसीडीतली लहान अक्षरं काढूनच झाली. सोबत गुंडाळी पाठवतोय. नळकांड्याचं झाकण जपून काढ, मागच्या वेळी तू कात्रीनं कागदच कापला होतास.

मी निवृत्त झालोय ही गोष्ट या घरात कुणाला पटलेली नाही. सकाळी वहिनीच्या शिवणाच्या मशीनला तेल घालायचं, दुपारी गिऱ्हाईक आलं की "बाई जेवायला बसल्यात" सांगायचं, आणि आता तुझी अक्षरं. वहिनी म्हणते, काढा बापडे, निदान दुकानात येऊन लोकांच्या मापांवर शेरे तरी मारणार नाही.

पद्धत माझीच राहील हे तुला माहीत आहे. खालची आणि वरची रेघ पट्टीनं मारली आहे. तिरक्या रेघा मारलेल्या नाहीत. कोन डोळ्यानं धरायचा. आमच्या गुरुजींना टेबलावर कोनमापक दिसलं की ते उचलून खिडकीबाहेर फेकायचे. आखलेल्या रेघांवर अक्षर झोपवलं की ते झोपूनच जातं, असं त्यांचं म्हणणं. मी जन्मात कधी कोन मोजला नाही आणि माझ्या कोनात कधी कुणाला चूक सापडली नाही. एवढ्या एका गोष्टीचा मला माज आहे म्हण हवं तर. बाकी माज करण्यासारखं आता काही उरलेलं नाही, गुडघे दुखतात आणि दाताचा डॉक्टर वाट बघतोय.

तेव्हा "हे किती अंश आहे" असलं काही विचारायचं नाही. आवडली तर कॅपिटलं काढायला घेतो.

दादा


१९ मार्च

दादा,

झाकण नीट काढलं. अक्षरं भिंतीला लावली आणि खुर्ची ओढून समोर बसले. तुझा 'जी' बघून माझा दिवसभराचा शीण गेला. केसाएवढी रेघ जिथं जाड रेघेला मिळते तो सांधा तू कसा करतोस, हे मला अजून पडद्यावर जमत नाही.

आता वाईट बातमी. बाईंनी बघितली आणि म्हणाल्या, "सुंदर आहेत. पण फार सभ्य आहेत." मी विचारलं, म्हणजे काय. म्हणाल्या, पाहुण्यांच्या घरी सोफ्याच्या कडेवर बसलेल्या माणसासारखी वाटतात. मला राग आला, पण घरी येऊन पुन्हा बघितलं तर बाईंचं अगदीच खोटं नव्हतं. कॅपिटलं काढताना जरा मोकळा सूट ना. थोडा आगाऊपणा कर. तू रंगात असायचास तेव्हाची तुझी शीर्षकं आठव, प्रकाशक कपाळाला हात लावायचे आणि पुस्तकं खपायची.

घाई नाही असं लिहिणार होते, पण आहे. वरिष्ठ रोज येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहतात, काही बोलत नाहीत आणि निघून जातात. त्यापेक्षा बोललेले बरे.

वहिनीला सांग, तिनं शिवलेला झगा अजून टिकून आहे, मीच त्यात मावत नाही.

बारकी


३० मे

बारके,

उशीर झाला. अंगात कसर होती. ताप नाही, खोकला नाही, नुसतं उठून बसलं की वाटायचं पुन्हा पडावं. दाराची चौकट येता-जाता खांद्याला लागते. वहिनी म्हणते, मी लग्न होऊन आले तेव्हापासून दार तिथंच आहे, तुम्हीच बघून चाला.

कॅपिटलं सोबत आहेत. आगाऊपणा आणायला गेलो, आला नाही. पहिल्यासारखीच झाली आहेत. पुन्हा पुन्हा बघितली, कुठे बदल करावा असं सुचेना. पसंत पडली नाहीत तर दुसरं कुणी बघ, मी वाईट वाटून घेणार नाही. वयानंही माणूस सभ्य होतो.

दादा


११ जून

दादा,

पहिल्यासारखीच झाली आहेत म्हणे. तुझी ही खोड जायची नाही. काहीतरी जबरदस्त करायचं आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून बसायचं.

गुंडाळी उघडली आणि मी चक्क हसले, ऑफिसात, एकटीच. काय झुकवली आहेस तू ती. नुसती तिरकी नाहीत, भरलेली बादली घेऊन निघालेल्या माणसासारखी एका अंगावर कललेली आहेत, आता पडतील असं वाटतं आणि पडत नाहीत. मला वाटलं होतं पहिल्या दोन-चार अक्षरांत जोर असेल आणि पुढे ढिला पडला असशील. पण नाही. 'ए'पासून 'झेड'पर्यंत सगळी एकाच मापानं कललेली आहेत. तू मोजत नाहीस, मी मोजलं. रेसभर फरक नाही. असा कोन धरायचा तर मनाशी पक्कं ठरवावं लागतं, आणि तू म्हणतोस आगाऊपणा आला नाही.

कॅपिटलांशी जुळावीत म्हणून मी तुझी लहान अक्षरंही तेवढीच कलवली, सांधे पुन्हा बसवले, सगळा आठवडा त्यात गेला. काल बाईंना दाखवलं. त्या जांभई द्यायच्या बेतात होत्या, ती अर्ध्यावर राहिली. म्हणाल्या, "हे कुणी काढलं?" मी म्हटलं, माझ्या भावानं. एवढंच म्हटलं, तुझं नाव सांगायचं विसरलेच. दमल्यावर असं होतं.

तुझी आधीची लहान अक्षरं आणि ही कॅपिटलं शेजारी शेजारी छापून पाठवतेय, तूच बघ केवढी मजल मारलीस. आता आकडे आणि 'अँड'चं ते वेटोळं चिन्ह तेवढं काढून दे. याच कोनात.

बारकी


४ जुलै

बारके,

ती कॅपिटलं परत पाठव. वापरू नकोस. माझ्या पहिल्या लहान अक्षरांवरून तूच कॅपिटलं काढ, तुला येतात. लोक नावं ठेवणार नाहीत.

आकडे काढत नाही. कारण विचारू नकोस.

दादा


१८ जुलै

दादा,

कारण विचारत नाही, कारण मला ते माहीत आहे. मुखपृष्ठ छापून आलं की तू पुस्तकाच्या दुकानाकडे महिनाभर फिरकायचा नाहीस. रस्ता बदलून जायचास. वहिनीच ते पुस्तक आणून कपाटात लपवायची. आत्ता तेच चाललंय, आणि मला तुझी समजूत घालायला आता जोर नाही.

आणि उशीरही झाला आहे. मासिकानं फॉन्ट घेतला, अंक छपाईला गेला. आमचा विभाग राहिला. वरिष्ठ परवा माझ्या खुर्चीमागं आले आणि चक्क "चहा घेणार का" म्हणाले. हे सगळं तुझ्या कॅपिटलांमुळे झालं आहे, त्या झुकण्यामुळे. ते काढून घेतलं तर उरतात ती माझी इस्त्रीची अक्षरं. आकडे मी काढले, तुझ्याइतके चांगले नाहीत. कुणाच्या लक्षात येणार नाही, तुझ्या येईल.

राग धरू नकोस. धरलास तरी मला झोप लागणार आहे, इतकी दमले आहे.

बारकी


२ सप्टेंबर

दादा,

अंक पाठवतेय. मागच्या पत्राला उत्तर नाही, फोनवर वहिनी "हे बाहेर गेलेत" म्हणते. रोजच बाहेर कसा जातोस तू, गुडघे दुखतात ना?

फॉन्ट सगळीकडे पसरतोय. मासिकानं जाहिरातींनाही तोच लावला. अत्तराच्या बाटलीवर बघितला, एका चपलांच्या दुकानावर बघितला. तिथं इतका लहान छापला होता की बारीक रेघा नाहीशा झाल्या होत्या, आत जाऊन सांगावंसं वाटलं, मग वाटलं जाऊ दे. तुमच्या बसथांब्यासमोर मोठं होर्डिंग लागलं आहे असं कळलं. माणसाएवढी अक्षरं आहेत म्हणे. बघितलंस का? चार ओळी तरी लिही.

बारकी


१३ सप्टेंबर

बारके,

तुझ्या पत्रांना उत्तर गेलं नाही म्हणून तू चिडली असशील. चिडायला माझी हरकत नाही, पण आधी हे वाच.

तुझ्या दादांच्या डोक्यात गाठ निघाली आहे. मेंदूच्या मागच्या अंगाला, बोराएवढी. डॉक्टर म्हणतात हळूहळू वाढणारी आहे, काढता येण्यासारखी आहे, पण आता फार थांबू नका. आणि हे ऑपरेशनला "हो" म्हणत नाहीत. मला काही होत नाही म्हणतात आणि चहा गार करत बसतात.

मला आधीच कळायला हवं होतं. एप्रिलपासूनच चालताना अंग एका बाजूला जायचं. भिंतीवरचं घड्याळ मी सरळ करायची, तासाभरानं बघावं तर ह्यांनी पुन्हा वाकडं केलेलं. मी म्हणायची, अहो, तुमचं माझ्याशी भांडण आहे का घड्याळाशी? हे म्हणायचे, तूच वाकडं करून ठेवतेस. दिवसभर गिऱ्हाइकांच्या बाह्या आणि गळे जुळवून मी इतकी थकलेली असते की घड्याळावरून वाद घालायचा कंटाळा येतो. सोडून दिलं.

मग जूनमध्ये तुझं पत्र आलं, ते कौतुकाचं. सोबत ते शेजारी शेजारी छापलेले दोन नमुने. पत्र वाचताना हे हसले, आणि मग दुपारभर टेबलापाशी ते दोन नमुने धरून बसले. संध्याकाळी मला म्हणाले, कोपऱ्यावरच्या दुकानातून कोनमापक आण. मी म्हटलं, अहो, तुमचे गुरुजी खिडकीतून परत चढून येतील. हसले नाहीत. आणलं, ह्यांनी मोजलं, मग मलाही मोजायला लावलं. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ. दात दुखत असला तरी ज्यांना ढकलत न्यावं लागतं, ते.

तुला सांगू नको म्हणाले. नुसती अक्षरं परत मागवतो म्हणाले. मग तुझं पत्र आलं की विभाग राहिला, तेव्हा म्हणाले, आता तर अजिबातच नको, तिला कळलं तर ती सगळं फाडून टाकील आणि रस्त्यावर येईल. म्हणून मी इतके दिवस फोनवर "बाहेर गेलेत" म्हणत होते. बाहेर जातात हे मात्र खरं आहे. रोज सकाळी उठून बसथांब्यावर जाऊन बसतात, त्या होर्डिंगसमोर. बस येतात आणि जातात. लोकांना वाटतं म्हातारा आपली बस विसरला. मला दुकान बंद करून आणायला जावं लागतं.

मला काय वाटतं ते सांगते. आयुष्यभर ह्यांच्या कोनाला कुणी बोट लावलं नाही, आणि आता आजारानं वाकडा झालेला हात माणसाएवढा करून रस्त्यावर टांगला आहे. त्यापुढं शरमेनं बसून राहतात. अंक आला तो पालथा घालून ठेवला. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, तुला काय माहीत. पण तो फॉन्ट थांबव. समोरून गेला तर कदाचित दवाखान्याचं मनावर घेतील. माझं ऐकत नाहीत. तुझंही ऐकत नाहीत म्हणा, पण तुझी पत्रं वाचतात तरी.

मी ह्यांना न सांगता लिहितेय.

वहिनी


२१ सप्टेंबर

दादा,

वहिनीनं सगळं कळवलं. तिच्यावर ओरडू नकोस.

तिचं पत्र आल्यापासून मी तुझी कॅपिटलं बघतेय. जूनमध्ये मला त्यात तुझी हिंमत दिसली होती. तुझं अक्षर बघत मी वाचायला शिकले, आणि मला ओळखू आलं नाही. परक्या माणसाच्या अक्षरात एवढा फरक पडला असता तर मी विचारलं असतं, काय झालं. तू होतास म्हणून वाटलं की तू काहीही करू शकतोस.

तू लिहिलं होतंस, "पहिल्यासारखीच झाली आहेत, दुसरं कुणी बघ." मी ती थट्टा समजले. तुला तेव्हाच कळलं होतं का, की हात ऐकत नाही? तू मला सांगत होतास का? मला तसं वाटायला लागलं की जेवण जात नाही.

बाईंशी बोलले. पहिल्या कोनात सगळी कॅपिटलं पुन्हा बसवली, लहान अक्षरंही मागं घेतली. त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, पुन्हा सभ्य झाली. मी म्हटलं, होऊ देत. पुढच्या अंकापासून बदला, होर्डिंगं उतरवा, खर्चावरून कंपनी माझ्यावर उखडली तर उखडू दे. कारण मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. वरिष्ठ पुन्हा खुर्चीमागं उभे राहायला लागले आहेत. नोकरी गेली तर जाईल. मला ती नकोय असं नाही, पण तुझ्यापुढं तिचं काही नाही.

तू फक्त ऑपरेशनला हो म्हण. मला भीती वाटते आहे दादा. आई-बाबा गेल्यापासून माझ्यामागं तूच आहेस, आणि मी वर्षभर तुझ्याकडून अक्षरंच मागत बसले. मी येतेच आहे, पण त्याआधी हो म्हण.

बारकी


२९ सप्टेंबर

बारके,

तुझ्या वहिनीनं गुपचूप पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं. सवय. पाकिटावर तुझा पत्ता बघून मी काय ते समजलो आणि टाकून आलो. हे पत्र तिलाच टाकायला देणार आहे, पाकीट न चिकटवता. वाचील. वाचू दे, तिलाही हे अजून सांगितलेलं नाही.

पहिली गोष्ट, कॅपिटलं बदलू नकोस आणि होर्डिंग उतरवायला लावू नकोस. बाईंना कळतं. फॉन्ट चांगला झाला आहे. माझ्यामुळे की गाठीमुळे हा प्रश्न वाचणाऱ्यापुढं नाही. तुझा विभाग टिकला आहे तो टिकू दे.

दुसरी गोष्ट. तुम्ही दोघी हात हात करताय, पण हाताला काही झालेलं नाही. हात अजून ठणठणीत आहे. तूच लिहिलं होतंस की सगळी अक्षरं एकाच मापानं कललेली आहेत, रेसभर फरक नाही. बिघडलेल्या हाताला एवढं जमतं का? तुला हे कळायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला हिशेब सुचत नाही. बिघडला आहे तो डोळा. डोळा म्हणजे दिसतं सगळं, अगदी सुईत दोरा ओवून देतो वहिनीला. सरळ काय आणि कललेलं किती, ते ठरवणारं आत जे काही असतं ते सरकलं आहे, दोन कोनांतला फरकही त्याला कळेनासा झाला आहे.

पहिल्यासारखीच झाली आहेत असं मी लिहिलं, ते खरं लिहिलं होतं. लहान अक्षरं ज्या कोनात काढली त्याच कोनात मी कॅपिटलं काढली. पहिले कागद तुझ्याकडे होते, शेजारी ठेवून बघायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि गरज आहे असं वाटलंही नाही. तुझं पत्र आलं, दोन्ही नमुने शेजारी शेजारी. तू लिहिलंस, काय झुकवली आहेस. मी दोन्हींकडे बघत राहिलो. मला दोन्ही सारखीच दिसत होती. आधी वाटलं तू चेष्टा करतेस. मग कोनमापक आणवलं. कोनमापकानं तुझी बाजू घेतली, वहिनीनं मोजलं तिनंही तुझीच घेतली. डॉक्टरांना मी तोल जातो एवढंच सांगितलं, हे सांगितलं नाही. सांगायला धीर झाला नाही.

बसथांब्यावर मी शरमेनं बसत नाही. मी ते झुकणं शोधायला बसतो. एवढ्या मोठ्या अक्षरात तरी दिसेल असं वाटलं होतं. एक डोळा झाकून बघतो, मान तिरकी करून बघतो, बाकाच्या या टोकाला बसून बघतो आणि त्या टोकाला. मला तिथं जसं काढायचं होतं तसंच काढलेलं चांगलं काम दिसतं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ती कललेली दिसतात, ज्यानं काढली त्याला दिसत नाहीत. याची फार भीती वाटते बारके. घड्याळ वहिनी वाकडं करते असं मी खरंच समजत होतो. अजून काय काय आपण सरळ समजून बसलो आहोत ते मला कळायचा मार्ग नाही.

ऑपरेशनला हो का म्हणत नव्हतो तेही सांगतो. डॉक्टर म्हणाले, गाठ काढल्यावर हाताला कंप राहू शकतो, केसाएवढी रेघ पुन्हा येईलच असं नाही. म्हणजे आत्ता काढता येतं पण बघता येत नाही, आणि मग कदाचित बघता येईल पण काढता येणार नाही. यातलं काय सोडायचं ते बाकावर बसून ठरत नव्हतं. आता ठरलं. माझं काढून पुष्कळ झालंय. उरलेले दिवस वहिनीशी घड्याळावरून भांडण्यात घालवायचे नाहीत. येत्या मंगळवारी दवाखान्यात दाखल होतो. दमलो आहे, लवकर होऊन जाऊ दे.

तू ये. येताना माझे मूळ कागद घेऊन ये, मार्चचे आणि मेचे, दोन्ही. मी शुद्धीवर आलो, उठून बसायला लागलो, की दोन्ही माझ्यापुढं धर. कुठली जास्त कललेली आहेत ते सांगू नकोस. कॅपिटलं जास्त कललेली आहेत असं मी म्हणालो, तर चहा मागव. दोन्ही सारखीच आहेत म्हणालो, तर तूही सारखीच आहेत म्हण. तुला जड जाईल, मला माहीत आहे. पण अक्षरांच्या बाबतीत तू माझ्याशी कधी खोटं बोललेली नाहीस, त्यामुळे माझा विश्वास बसेल.

दादा